अमेरिकेस जाणाऱ्या कायद्याच्या पदवीधरांस

(उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या कायद्याच्या पदवीधरांच्या निरोपसमारंभात केलेले भाषण)



आज या सभेत पदवीधरांबरोबर त्यांचे आईवडीलही बसलेले आहेत. ज्या घरांतील माणसांना दोन पिढ्यांपूर्वी कोर्टाची पायरी केवळ फिर्यादी किंवा आरोपी म्हणूनच चढावी लागे, त्या घरांतील मुलेमुली आज कायद्याची पदवी घेऊन समुद्रापलीकडे निघाली आहेत. याचा आनंद मानावा तितका थोडाच आहे. परंतु नुसते अभिनंदन करून निरोप दिला तर ती माझ्या कर्तव्यात कसूर होईल. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. तेथील कायद्याचे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. त्या ओळखीवर विसंबू नका.

आपला कायदा आणि अमेरिकेचा कायदा हे दोन्ही इंग्लंडच्या कायद्याच्या परंपरेत वाढले. वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय कनिष्ठ न्यायालयास बंधनकारक, हे तत्त्व दोन्हीकडे आहे. यामुळे आपल्या पदवीधरास वाटते की अर्धे काम झालेच. येथेच त्याची फसगत होते. 'सुप्रीम कोर्ट' हाच शब्द घ्या. न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट हे खटला प्रथम चालविणारे न्यायालय आहे. त्या राज्याचे सर्वांत वरचे न्यायालय 'कोर्ट ऑफ अपील्स' या नावाने ओळखले जाते. नावावरून ज्याने अर्थ काढला, तो पहिल्याच दिवशी चुकला!

आपल्याकडे न्यायालयांची शिडी एकच आहे. दिवाणी न्यायालयापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीच न्यायालये केंद्राचाही कायदा लावतात व राज्याचाही. अमेरिकेत शिड्या दोन आहेत. संघराज्याची न्यायालये निराळी आणि पन्नास राज्यांपैकी प्रत्येकाची आपापली निराळी. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. म्हणून कोणताही प्रश्न समोर आला की आधी विचारावे : हा कायदा कोणाचा, आणि दाद कोणत्या शिडीवर मागावयाची? आपल्या देशात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जूरीची पद्धत संपविली; तेथे सामान्य नागरिकांची जूरी आजही निर्णय देते, हेही ध्यानात असू द्या.

सनदेचीही गोष्ट अशीच. आपल्या येथे एका राज्याच्या वकील परिषदेत नाव नोंदविले की देशभर वकिली करता येते. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपली सनद स्वतः देते. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे परदेशी पदवीची प्रथम तपासणी होते. तीत मुदतीची किंवा विषयाची एखादी उणीव निघाल्यास मान्य विधिमहाविद्यालयातील किमान २४ क्रेडिटांच्या एल्‌एल्‌.एम्‌. अभ्यासाने ती भरून काढता येते, त्यानंतर परीक्षा. शिवाय परीक्षा देऊन सनद घेणाऱ्याने ५० तास विनामूल्य विधिसेवा केलेली असावी लागते. एल्‌एल्‌.एम्‌. झाला म्हणजे वकील झाला, असा समज कोणी आईवडिलांनी करून घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समतेचा शब्द दोन्ही घटनांत आहे. पण आपल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती सरकारपुरती नव्हे. विहिरीवर अडविणारा गावकरीही त्या कलमाच्या कक्षेत येतो, आणि १९५५ च्या कायद्याने त्याला शिक्षा ठरविली. अमेरिकेच्या १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील समतेचे बंधन राज्यसत्तेवर आहे, खाजगी व्यक्तीवर नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली ठरविले. खाजगी मालकास नोकरीत भेदभाव करण्यापासून रोखण्यास १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. त्या कायद्यात नोकरीबाबत वंश, कातडीचा रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ हे शब्द आहेत. 'जात' हा शब्द त्यात नाही.

उद्या तेथे आपलाच एखादा बांधव तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, "साहेबाने माझे आडनाव विचारले, गाव विचारले, आणि त्यानंतर माझी बढती थांबली." तुम्ही १७ वे कलम म्हणून दाखवाल, तर त्या बांधवाचा दावा बुडेल. त्याचे दुःख तेथील कायद्याच्या कोणत्या शब्दात बसते, हे शोधणे तुमचे काम आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारलेला भेदभाव नावानिशी निषिद्ध केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक तेथील राज्यपालांनी नाकारले. विद्यमान कायद्यात हा निषेध अंतर्भूत आहेच, असे कारण त्यांनी दिले. एकाच देशात एकच अन्याय; पण दाद मागण्याचा रस्ता गावागणिक वेगळा!

तेव्हा मित्रांनो, येथे पाठ केलेली कलमे काही काळ बाजूस ठेवा आणि पहिल्या वर्गातील विद्यार्थ्याप्रमाणे बसा. तेथील प्राध्यापक निकालपत्रे वाचून यावयास सांगतात आणि भर वर्गात प्रश्न विचारतात. उत्तर चुकले तरी लाजू नका. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी म्हणूनच गेले होते. पुढे आपल्या देशाची घटना सिद्ध करताना इतर देशांच्या घटना त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. परंतु अस्पृश्यतेवरील कलम आपल्या समाजाचे दुखणे ओळखूनच आले.

कलमे बाजूस ठेवा, पण एक गोष्ट बरोबर न्या. आडनाव आणि गाव विचारण्यामागे काय दडलेले असते, हे तेथील न्यायाधीशास ठाऊक असेलच असे नाही. तुम्हांला ते ठाऊक आहे. ते त्यांच्या कायद्याच्या भाषेत सांगावयास शिका. त्यासाठीच तुम्हांला पाठवीत आहोत.