मरळ धरावी, पण केव्हा?



सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या सोनाळ्याच्या भागात गळ टाकून बसण्याची हौस पुष्कळांना आहे. वान नदी, तिच्यावरचे वारीजवळचे हनुमानसागर धरण, गावोगावचे तलाव, नाल्यांतले डोह. पाणी आले की गळ आलाच. आणि गळाला लागावी असे ज्याला-त्याला वाटते, ती मरळ. काटे थोडे, मांस घट्ट आणि बाजारात भावही बरा.

मरळ ही शिकारी मासळी. गवत-शेवाळाच्या आडोशाला ती दबा धरून बसते. गळाला गांडूळ किंवा लहानशी मासोळी लावून सकाळी अथवा सांजवेळी काठाकाठाने सोडली, की ती झडप घालते. आणखी एक गंमत पाहा. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवा घ्यायला तिला मधूनमधून वर यावेच लागते. जाणता भोई त्या हालचालीवरूनच तिची जागा ओळखतो.

पण पावसाळ्यात जरा थांबा. या दिवसांत मरळ उथळ पाण्यातले गवत बाजूला सारून जागा करते आणि तिथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. एक-दोन दिवसांत पिले निघतात आणि पुढे त्यांचा तांबूस घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरू लागतो. त्याच्या खाली आईबाप पहारा देत असतात. जवळ काही आले, की भूक नसली तरी ते अंगावर धावून जातात. म्हणूनच घोळक्याजवळ टाकलेला गळ सहसा रिकामा येत नाही.

यात कसब कसले? आपल्या ताटात एक मासा येतो, आणि राखणदार गेला, की शेकडो पिले इतर माशांच्या आणि पाखरांच्या तोंडी जातात. कुणी म्हणेल, ‘मी सोडली तर दुसरा धरील.’ खरे आहे. म्हणून हा नेम एकट्याने नव्हे, साऱ्या गावाने पाळायचा आहे.

सुरुंग आणि विष यांना तर कायद्यानेच बंदी घातली आहे. अभयारण्यातल्या डोहांत गळ टाकायचा नाही, आणि धरणावर परवानगीवाचून बसायचे नाही.

गुरुजींना एवढीच विनंती, की श्रावणात मुलांना तळ्याच्या काठी न्या आणि तो तांबूस घोळका दाखवा. पहारा देणारी मरळ ज्या पोराने एकदा पाहिली, त्याला पुढे नेम शिकवावा लागणार नाही.