मुठीतला खराटा

२० मे १८६०, रविवार. अध्यक्षपदाची उमेदवारी मिळून अब्राहम लिंकनना दोनच दिवस झाले होते. स्प्रिंगफिल्डच्या घरी लिओनार्ड व्होक हा शिल्पकार त्यांच्या हातांचे साचे घ्यायला आला. अभिनंदनाला आलेल्यांशी हस्तांदोलन करून करून उजवा हात सुजला होता. व्होकनं हातात काहीतरी धरायला सांगितलं. लिंकन लाकडांच्या खोपटात गेले, झाडूच्या दांड्याचा तुकडा करवतीनं कापला आणि चाकूनं त्याची टोकं तासू लागले. एवढी गरज नाही, असं व्होकनं म्हटलं, तर नीटनेटकं असावं असं त्यांचं उत्तर.

तो दांडा नसता तर? रिकामा हात साच्यात सोडला की बोटं मरगळतात. काहीतरी घट्ट धरलं की आंगठ्याच्या मुळाशी उंचवटा येतो, मनगटाच्या शिरा तटतटतात. पुढे ऑगस्टस सेंट-गॉडन्सनं शिकागोतला १८८७ चा लिंकनचा पुतळा घडवताना हेच साचे वापरले.

झाडू म्हटल्यावर अमरावतीकरांना लिंकन कशाला आठवतील! इथं गाडगेबाबाच. १८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या या माणसानं गावोगावचे रस्ते स्वतः झाडले. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ देह ठेवला. त्यांच्या पुतळ्यात खराटा असतोच, पण पुष्कळदा राजदंडासारखा उभा धरलेला. झाडणाऱ्याची मूठ अशी नसते. तुऱ्हाट्यांच्या खराट्याला वेगळा दांडा नाही. जुडीच धरायची, तीही कमरेत वाकून. मूठ पूर्ण मिटत नाही, मनगट खाली वळतं.

हे टिपायला आज अल्जिनेट आहे. दातांच्या दवाखान्यात माप घेताना तोंडात जो लगदा भरतात, तोच; समुद्रशेवाळापासून केलेला. पाणी जितकं गरम, तितका तो लवकर आवळतो. त्यामुळे अकोल्याच्या मे महिन्यात टाकीच्या पाण्यात कालवला, तर हात बुडवेपर्यंत घट्ट व्हायचा! बर्फाचं पाणीच हवं. हात हळूच काढून घ्यायचा, हातातली वस्तू आतच राहू द्यायची आणि लगेच प्लास्टर ओतायचं. उशीर झाला की साचा सुकून आक्रसतो.

प्लास्टरच्या बादलीत मात्र हात कधीच घालू नये. घट्ट होताना ते भाजण्याइतकं तापतं. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये शाळेच्या कलातासाला एका १६ वर्षांच्या मुलीनं तसं केलं आणि तिची बहुतेक बोटं गेली.

आख्खा खराटाही साच्यात चालत नाही. काड्यांच्या फटींत लगदा शिरतो आणि साचा फाटतो. तेवढ्याच जाडीचा गुळगुळीत सोटा धरायला द्यावा, खरा खराटा नंतर बसवावा. आणि हात कुणाचा घ्यावा? मॉडेल म्हणून बसलेल्या पोराचा नको. पहाटे अमरावतीचा राजकमल चौक झाडणाऱ्या एखाद्या बाईला विचारावं, तिच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि आधी तिला चार हात झाडू द्यावं.