आभार मोघम नकोत

(आकाशवाणीवरील भाषण)

 

मला विषय दिलाय 'ख्रिस्ती आई आणि घरातली कृतज्ञता', आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. विषय ऐसपैस आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय, पण ती मी दोन-तीनदा सांगणार. तुमच्यापैकी कोणाच्या कुकरची शिट्टी होणार, कोणाच्या दाराची बेल वाजणार, आणि नेमकी तेवढीच ऐकायची राहणार. तर गोष्ट अशी: आभार मोघम मानू नका. वस्तू सांगून माना, माणसाचं नाव घेऊन माना, आणि त्या माणसाच्या कानावर पडेल अशा आवाजात माना.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरोघरी होते. कशी होते ते आमचं आम्हाला ठाऊक! "हे प्रभू, या अन्नाबद्दल आणि तू दिलेल्या सर्व गोष्टींबद्दल आम्ही तुझे आभार मानतो, येशूच्या नावाने, आमेन." सगळं एका श्वासात. धाकट्याचा एक डोळा किलकिला, तळलेल्या बोंबलातला मोठा तुकडा हेरून ठेवलेला. मोठीचा अंगठा मांडीवरच्या मोबाइलवर. आईचे डोळे मिटलेले, पण कान गॅसवरच्या दुधाकडे. आमेन पुरतं व्हायच्या आत वाटीत चमचा पडतो. 'सर्व गोष्टींबद्दल' म्हटलं की काम भागलं. सर्व म्हणजे काय काय, हे विचारतंय कोण?

वाण्याची उधारीची वही आठवतेय का? लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. आमच्या वरळीत गिरणीचा पगार होईपर्यंत अख्खी चाळ त्या वहीवर जेवायची. आता सगळीकडे मोबाइलवरून पैसे जातात, त्यामुळे मुलांना आधी वही म्हणजे काय ते समजवावं लागतं. असो. तर त्या वहीत वाणी कधी 'बरंच काही नेलं' असं लिहायचा का? तूरडाळ अर्धा किलो. गोडेतेल एक लिटर. कपड्याचा साबण, दोन वड्या. तारीख. आणि खाली, 'मुलगी घेऊन गेली'. म्हणून तर महिनाअखेर वाद व्हायचा नाही.

अशी वही आपणही ठेवतो बरं का, फक्त ती गाऱ्हाण्यांची असते. लग्नात सासरहून कुठली साडी आली, पहिल्याच धुण्यात तिचा रंग कसा गेला, बाळंतपणाला नणंद का आली नाही, कुठल्या नाताळात जाऊबाईंनी आपल्या करंज्यांना नावं ठेवली, सगळं तारीखवार! त्यात कधी खाडाखोड नाही. आणि उपकारांच्या पानावर एकच ओळ, 'सर्व गोष्टींबद्दल आभार'. वाण्यानं असा हिशेब ठेवला असता तर दिवाळीच्या आत दुकानाला कुलूप लागलं असतं.

आमच्या घरात लसूण सोलायचं काम सासूबाईंचं. त्यांना आता नीट दिसत नाही. बोटांनी चाचपून चाचपून त्या पाकळीचं साल काढतात, नखांच्या कडा दुखतात, हाताला वास दिवसभर राहतो. चटणी सगळे चाटूनपुसून खातात आणि चांगली झाली म्हणून मला सांगतात. एका रात्री मी प्रार्थनेत मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, आज आईंनी लसूण सोलून दिला, त्याबद्दल तुझे आभार, आणि त्यांचेही." आमेन झाल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "इश्श! लसणीसाठी कुणी देवाला हाक मारतं का?" दुसऱ्या दिवशी मागितले त्यापेक्षा दोन गड्डे जास्त सोलून ठेवलेले. मी काही बोलले नाही. वहीत मात्र मांडलं!

आता जरा आमच्या वस्तीविषयी. वरळीच्या बीडीडी चाळी तुम्हाला माहीत आहेत. 1920च्या दशकात सरकारनं बांधल्या, सत्याग्रहाच्या काळात त्यांतल्या काहींचा तुरुंगही झाला होता. खोली 160 चौरस फुटांची, मोरी आत, संडास मजल्याचे सामायिक, मधोमध लांबलचक पॅसेज. एवढ्या जागेत माणसं जन्मली, परीक्षा पास झाली, म्हातारी झाली. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या इमारतीतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचं घर त्यातलंच. पहिल्या दिवशी बायका आपल्या घरातल्या संडासाचं दार उघडून बघत होत्या, पुन्हा लावून घेत होत्या. एकीच्या डोळ्यांना पाणी आलं. आमच्याकडे उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, चहा झाला, सगळं झालं.

आणि नव्याची नवलाई ओसरायच्या आत काय ऐकू यायला लागलं? लिफ्ट वेळेवर येत नाही. समोरच्यांना हवा जास्त मिळते. अहो बाई, सकाळी रांगेत बादली धरून उभं राहायला लागत नाही, हे तुम्ही कुठे मांडलंत? तक्रार करू नका असं मी म्हणत नाही. लिफ्ट बंद असेल तर सोसायटीला अर्ज करायलाच हवा. पण दोन्ही पानं भरा.

त्यात आणखी एक मोठी बाकी राहिलीय. पॅसेजमध्ये समोरच्या खोलीत राहायच्या त्या मावशी. मी कामावर जायचे तेव्हा माझी लेक त्यांच्या दारात वाढली. त्या आरतीला उभ्या राहायच्या तेव्हा ही टाळ्या वाजवायची, आणि आमच्या घरी कुटुंबप्रार्थना असली की त्या रेडिओचा आवाज कमी करायच्या. आता दारं बंद असतात. ज्यांनी आपली पोरं सांभाळली त्यांना नावानं 'तुमचे उपकार आहेत' असं किती जणींनी जाऊन सांगितलं? देवाचे आभार मानले म्हणजे शेजारणीचे मानायची गरज उरत नाही, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

या बाबतीत मला लक्ष्मीबाई टिळकांचं फार कौतुक वाटतं. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी इथं मुंबईत झाला. इकडे लक्ष्मीबाईंचा संसार उघड्यावर. पदरी लहानगा दत्तू, मनाची पार दैना. त्या दिवसांत त्यांना सांभाळलं ते त्यांच्या बहिणीनं, भिकूताईंनी; सोवळंओवळं पाळणाऱ्या घरानं. पुढे 1900 साली बाई स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, घरात कोण केव्हा राहायला येईल याचा नेम नाही, परक्यांची पोरं आपली म्हणून वाढवायची. 1934 साली त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग निघाला तेव्हा बाई पासष्टीच्या पुढे होत्या. काढून बघा ते पुस्तक. कोणी आसरा दिला, कोणी चार शब्द चांगले बोललं, सगळं नावानिशी, बारीकसारीक तपशिलासह. नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणाही झाकलेला नाही. हसत हसत तोही मांडलाय. कडू ते कडू, गोड ते गोड, आणि दोन्ही त्याच शाईनं. मोघम काही नाही. ख्रिस्ती घरांतल्या लेकीसुनांनी हे पुस्तक वाचायलाच हवं, आणि वाचत नाहीत, म्हणून बोलले.

कडूही मांडायचं, हे का सांगितलं? आपल्याकडे 'देवाचे आभार मान' हे वाक्य पुष्कळदा बाईचं तोंड बंद करायला वापरतात. सून म्हणाली, 'मी थकले', की लगेच, 'आभार मान, घर आहे, नवरा आहे, पोरं आहेत'. ही कृतज्ञता नव्हे, ही दमदाटी. स्तोत्रसंहिता उघडा. आधी पोटभर गाऱ्हाणं, मग स्तुती, असं किती स्तोत्रांत आहे! थकलेल्या बाईचं आधी ऐकून घ्या, तिच्या हातातलं भांडं घ्या. आभाराचं मग बघू. यावर वेगळं भाषण होईल, आज वेळ नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशूनं बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. ते तुम्हाला पाठ आहे. नऊ जणांना आपण दरवर्षी उपदेशात झोडपतो. मला आई म्हणून वाटतं, ते काही वाईट नव्हते. याजकाकडे जा असं त्यांना सांगितलंच होतं. कित्येक वर्षांनी घर दिसणार होतं, घरी कोणीतरी वाट बघत असणार. घाई होती! मुंबईकराला ही घाई कळते. आपण सगळे त्या नवांच्या रांगेतले, हातात डबा आणि नजर गाडीच्या वेळेवर. पण परत येऊन आभार मानणारेही असतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते. मी प्रोटेस्टंट, तरी शेजारणीबरोबर गेलेय. तिथं मागणीची पत्रं येतात तशी आभाराचीही येतात, आणि ती मंडळीसमोर वाचली जातात. कोणाला नोकरी लागली, कोणाचं मूल परीक्षेत पास झालं. तेच तर मी म्हणतेय, उघड आणि मोघम नाही...

स्टुडिओच्या काचेपलीकडून ताई घड्याळ दाखवतायत. वहीचं एक सांगायचं राहिलं, जमेच्या बाजूचं. देव वसुलीला येत नाही, म्हणून आपण सवलत घेतो, पण घरातल्या माणसांचं तसं नसतं, त्यांना... ते पुन्हा कधीतरी.

एवढं करा. आज रात्री ताटं वाढून झाली की 'सर्व गोष्टींबद्दल' हे शब्द वर्ज्य. प्रत्येकानं एक वस्तू सांगायची आणि एका माणसाचं नाव घ्यायचं. ते माणूस समोर नसेल तर जेवण झाल्यावर त्याला फोन करायचा. मुलं हसतील, हसू दे. आणि प्रार्थना लांबवू नका बायांनो, भात गार होतो.