मुक्या सोबत्यांचा आधार
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



परीक्षा जवळ आली की झोप उडते, घास गिळवत नाही, पाठ केलेलेही आठवत नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. २४९ विद्यार्थ्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटाला दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळू दिले. दुसरा गट रांगेत उभा राहून ते पाहत होता. तिसऱ्याला त्याच प्राण्यांची चित्रे दाखवली. चौथा नुसताच बसून राहिला. मग सर्वांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे द्रव्य, तपासले. ज्यांचा हात प्राण्याच्या अंगावरून फिरला होता, त्यांच्यात ते इतरांपेक्षा कमी निघाले. चित्रांनी ते काम झाले नाही! अर्थात, ही मुले आपण होऊन आलेली होती. कुत्र्याला पाहून ज्याची गाळण उडते, त्याला हा उपाय सांगू नये.

या प्राण्यांच्या तऱ्हाही गमतीच्या. मांजर मांडीवर बसून पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखे करते. पिलू असताना आईचे दूध पिताना लागलेली ही सवय. मांजराकडे पाहून डोळे बारीक करत सावकाश मिटले, तर तेही पुष्कळदा तसेच करते आणि परक्या माणसाच्याही जवळ येते, असे ससेक्स विद्यापीठातील अभ्यासकांना २०२० साली आढळले. लंडनमध्ये तर एका माणसाने २९ कुत्र्यांसमोर जांभया दिल्या, त्यांतल्या २१ कुत्र्यांनी उलट जांभई दिली! हा अभ्यास २००८ सालचा.

पण मित्रांनो, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असताना कुत्रा आणून बांधा, असे मी म्हणणार नाही. त्या जिवाचेही हाल होतात. शेजाऱ्याची शेळी, गोठ्यातले वासरू, ओळखीचे मांजर, यांच्याजवळ घटकाभर बसायला पैसे पडत नाहीत. भटक्या कुत्र्याला मात्र उगाच हात लावू नका. चावला किंवा ओरखडले, तर जखम पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावून घरी बसू नका.

आणि ज्याला जगणेच नकोसे वाटते, त्याचे मांजराने भागणार नाही. त्याने माणसाशी बोलले पाहिजे. घरी बोलता येत नसेल, तर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन रात्री-अपरात्रीही घेतला जातो, मराठीतही बोलता येते. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.