वीराचें स्मरण : लेफ्टनंट नवदीप सिंग

रणांत पडलेल्या तरुण वीराविषयीं बोलतांना ‘अमर’, ‘हुतात्मा’, ‘धन्य ती माता’ हे शब्द आपोआप ओठांवर येतात. त्यांत खोटें कांहीं नसतें. पण तेच शब्द प्रत्येकासाठीं वापरले गेले म्हणजे त्या त्या माणसाचा चेहरा पुसट होतो, आणि मागें राहतें तें केवळ त्याचें मरण. वस्तुतः वीराचें मोठेपण मरणांत नसून मरणापूर्वीं त्यानें केलेल्या कार्यांत असतें. लेफ्टनंट नवदीप सिंग यांचें चरित्र हेंच सांगतें.

नवदीप सिंग हे पंजाबांतील गुरदासपूरचे. जन्म १९८५ सालचा. वडील सैन्यांतून निवृत्त झालेले. व्यवस्थापनशास्त्राचें शिक्षण पुरें झाल्यावर एखाद्या कंपनींत नोकरी धरण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता. तथापि त्यांनीं चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीची वाट धरली. मार्च २०११ मध्यें ते अधिकारी झाले व आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्यें त्यांची नेमणूक झाली. शस्त्रें, दारूगोळा, कपडालत्ता यांचा सैन्यास पुरवठा करणारें हें दल. त्यांतील नव्या अधिकाऱ्यानें आरंभीं कांहीं काळ पायदळांत काढावा असा प्रघात आहे. कारण ज्यानें आघाडी पाहिली नाहीं, त्यास आघाडीची गरज कशी कळावी?

त्याप्रमाणें ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या १५ व्या पलटणींत दाखल झाले. बेळगांवास केंद्र असलेल्या आणि ‘कर्तव्य, मान, साहस’ हें ब्रीद बाळगणाऱ्या या रेजिमेंटशीं महाराष्ट्राचें नातें निराळें सांगावयास नकोच. तेथें त्यांच्याकडे घातक तुकडीचें नेतृत्व आलें. पायदळाच्या प्रत्येक पलटणींत निवडक जवानांची अशी एक लहान तुकडी असते, आणि अवघड कामगिरी तिच्यावर सोंपविली जाते.

उत्तर काश्मिरांत किशनगंगेच्या कांठीं गुरेझचें खोरें आहे. हिंवाळ्यांत बर्फानें तिकडील घाट बंद होतो. उन्हाळ्यांत बर्फ वितळलें कीं नियंत्रणरेषा ओलांडून येणाऱ्यांस वाटा मिळतात. १७ सशस्त्र दहशतवाद्यांची टोळी येत असल्याची खबर मिळतांच, १९ ऑगस्ट २०११ च्या रात्रीं नवदीप सिंगांनीं योग्य जागा हेरून आपल्या तुकडीसह सापळा लावला. टोळी टप्प्यांत येतांच तुंबळ गोळीबार सुरू झाला. सर्वांच्या पुढें राहून त्यांनीं तिघांस जवळून टिपलें. चौथा आपल्या रोखानें येत आहे हें पाहून त्यांनीं चटकन् मोर्चा बदलला. तोंच त्यांच्या मस्तकास गोळी लागली. तशा स्थितींतहि त्यांनीं त्या चौथ्यास ठार केलें, एका जखमी जवानास ओढून सुरक्षित जागीं नेलें, आणि शुद्ध हरपेपर्यंत गोळीबार चालूं ठेवला. त्या चकमकींत १२ दहशतवादी मारले गेले. नवदीप सिंग २० ऑगस्ट रोजीं गेले. वय २६ वर्षें. अधिकारी होऊन जेमतेम पांच महिने झालेले.

२६ जानेवारी २०१२ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांनीं त्यांचें मरणोत्तर अशोकचक्र त्यांच्या वडिलांच्या हातीं दिलें. शांतताकाळांतील शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. पण ज्या हातांनीं मुलाला चालावयास शिकविलें, त्या हातांनीं मुलाचें पदक स्वीकारणें, ही गोष्ट कोणत्याहि सन्मानानें हलकी होत नाहीं. मरणाचें कौतुक करणाऱ्यांनीं ही बाजू विसरूं नये.

नवदीप सिंग मरण्यासाठीं गेले नव्हते. काम करण्यासाठीं गेले होते. जागा निवडणें, सहकाऱ्यांच्या पुढें राहणें, प्रसंग ओळखून मोर्चा बदलणें, आणि स्वतःच्या मस्तकांतून रक्त वाहत असतां दुसऱ्याचा जीव आधीं पाहणें, हें तें काम. पांच महिन्यांपूर्वीं जीं माणसें त्यांस अनोळखी होतीं, त्यांच्यासाठीं त्यांनीं तें केलें.

घरांतील मुलांस शौर्याची गोष्ट सांगावयाची झाल्यास विशेषणें थोडीं कमी करावीं आणि एवढा तपशील मात्र नीट सांगावा. जयजयकार क्षणांत विरून जातो. केलेलें काम ध्यानांत राहतें.