तो आणि ते

आपल्या भाषेत एक गंमत आहे. खेळाडू कितीही मोठा असला तरी आपण त्याला ‘तो’ म्हणतो. तोच संघटनेचा अध्यक्ष झाला, की लगेच ‘ते’ होतो. आज अशाच एकाची गोष्ट सांगतो.

झांबियाचा कालुशा ब्वाल्या. तांब्याच्या खाणींच्या मुफुलिरा गावचा, डाव्या पायाचा जादूगार. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये झांबियानं इटलीला 4-0 असं लोळवलं, त्यातले तीन गोल याचे. त्याच वर्षी तो आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

27 एप्रिल 1993. संघ विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी सेनेगलला निघाला होता. पैशांची चणचण, म्हणून हवाई दलाचं विमान घेतलेलं. ठिकठिकाणी उतरून इंधन भरत जायचं. गॅबनमधल्या लिब्रव्हिलहून उडाल्यावर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळलं. आतले तीसही जण गेले, त्यात अठरा खेळाडू. कालुशा तेव्हा हॉलंडमध्ये पीएसव्ही आइंडहोवनकडून खेळत होता आणि तिकडूनच परस्पर सेनेगलला पोहोचणार होता. म्हणून तो वाचला.

नव्या पोरांची मोट बांधून तो कर्णधार म्हणून उभा राहिला. वर्षभरात हा संघ आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात होता. नायजेरियाकडून 2-1 असा हरला, पण उभा राहिला. पुढं कालुशा प्रशिक्षक झाला. 2004 साली लायबेरियाविरुद्ध एकेचाळिसाव्या वर्षी स्वतःच बदली खेळाडू म्हणून उतरला आणि फ्री किकवर विजयी गोल मारला.

2008 मध्ये ब्वाल्या झांबियाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. आता ‘ते’ म्हणायला हवं. संघ कुठल्या विमानानं जाणार, हे खेळाडू ठरवत नाही. ते कचेरीतल्या टेबलावर ठरतं. ती खुर्ची आता त्यांची होती. 2016 ची निवडणूक ते हरले. 2018 मध्ये पैसे स्वीकारल्याच्या प्रकरणात फिफाच्या नैतिकता समितीनं त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. अपिलात ती कमी झाली, पण डाग लागायचा तो लागलाच. गोलांची पुण्याई खुर्चीच्या हिशेबात धरत नाहीत, आणि धरूही नये.

तरी त्याच कारकिर्दीतला एक दिवस सांगून थांबतो. 2012च्या आफ्रिका चषकाचा अंतिम सामना नेमका लिब्रव्हिलला आला. सामन्याआधी संघ समुद्रकिनाऱ्यावर गेला आणि सगळ्यांनी लाटांवर फुलं सोडली. 12 फेब्रुवारीला आयव्हरी कोस्टविरुद्ध गोलच झाला नाही. मग पेनल्टी सुरू झाल्या, संपता संपेनात, आणि अखेर झांबिया 8-7 नं जिंकला. आफ्रिका चषक पहिल्यांदाच त्यांच्या हाती आला.

त्या किनाऱ्यावर पोरांबरोबर अध्यक्षही होते. पण त्यांना तिथं ‘ते’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुने सोबती ज्या पाण्यात गेले, त्या पाण्यासमोर उभा होता तो कालुशाच.