म्हाताऱ्या घोड्याची मूत्रपिंडं



अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला येतात, मग पालखीबरोबर पंढरीची वाट धरतात. रिंगणात त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला आपली कोण झुंबड! तोच मान आपल्या गावच्या, वरातीच्या, टांग्याच्या घोड्याला त्याच्या म्हातारपणी मिळावा, म्हणून आम्ही जनावरांचे डॉक्टर आज त्याच्या मूत्रपिंडांविषयी बोलणार आहोत.

वीस वर्षांचा घोडा म्हणजे म्हातारा. त्याची मूत्रपिंडं गुपचूप झिजतात. दोन्ही मिळून साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढतच नाही. शिवाय क्रिएटिनिन तयार होतं मांसातून. हाडं दिसणाऱ्या घोड्याच्या अंगावर मांसच कमी, म्हणून आकडा चांगला दिसतो अन् आपण फसतो. तालुक्याच्या लॅबच्या कागदावर माणसाची मर्यादा छापलेली असते, ती घोड्याला लावू नका. घोड्यात साधारण 2 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात.

म्हणून आधी बादली मोजा. काम नसलेल्या, फार ऊन नसलेल्या दिवशी चोवीस तासांत किती पाणी पितो ते लिहून ठेवा. 400 किलोचा घोडा वीस-पंचवीस लिटर पितो. हिरवा चारा असेल तर आणखी कमी. रोजच चाळीसच्या वर जायला लागला, ठाणही सारखं ओलं दिसलं, तर आम्हाला बोलवा. मात्र पाणी तोडून परीक्षा कुणी घेऊ नये. आधीच आजारी घोडा त्यानं मरायला टेकतो.

लघवीचं उलटं आहे बघा. माणसाची गढूळ झाली की आपण घाबरतो. घोड्याची गढूळच असते, त्यात चुन्याचे कण अन् चिकटा असतो. सदा पाण्यासारखी निवळ दिसली तर मात्र काळजी करा. रक्त काढतो त्याच दिवशी लघवीचाही नमुना घ्यावा. तिचं विशिष्ट गुरुत्व बहुधा 1.020 च्या वर असतं. ते 1.008 ते 1.014 मध्येच अडकून राहिलं अन् क्रिएटिनिनही चढलं, तर मूत्रपिंडांनी हात टेकले असं धरायचं. नुसतं पाणी जास्त पिणं म्हणजे मूत्रपिंडच बिघडलं असंही नाही. म्हाताऱ्या घोड्याला मेंदूतल्या ग्रंथीचाही एक रोग होतो. त्यात केस लांब वाढतात, उन्हाळ्यात झडत नाहीत, अन् तहान वाढते.

आता औषधाचं. घोडा लंगडला की मोतद्दार दुकानातून फेनिलब्युटाझोन आणतो अन् चारतो. तहानलेल्या, घामानं सुकलेल्या घोड्याला ते दिलं तर मूत्रपिंडाला इजा होते. आधी पाणी पाजा, डॉक्टरला विचारा. अन् मूत्रपिंड अधू ठरलंच तर लसूणघास कमी करा. त्यात कॅल्शियम फार, आणि घोडा जादा कॅल्शियम लघवीवाटेच टाकतो. त्याऐवजी साधं वाळलं गवत घाला, पाण्याची बादली कधी रिकामी ठेवू नका.